लहान मुलांसाठी ॲनिमेशनपटांची गाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅदरिंगची तारीख लागली की पालकांच्या ग्रुपवर आणि स्टाफरूममध्ये तेच ते प्रश्न फिरायला लागतात. गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमाआधीही तेच. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उत्तरांत मतंही आहेत, ती न पटल्यास खुशाल सोडून द्या.

गाणं निवडायचं कशावरून?

मुलांच्या गळ्यावरून आणि पायांवरून. ते किती गाजलंय, यावरून नाही. ॲनिमेशनपट मुलांसाठी काढलेला असला तरी त्यातली गाणी बहुतेक वेळा कसलेल्या मोठ्या गायकांनी म्हटलेली असतात, पुष्कळदा ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या, संगीत नाटकांत मुरलेल्या. ऐकताना गाणं मुलांचं वाटतं, म्हणायला घेतलं की ते मुलांचं राहत नाही. गॅदरिंगमधली निम्मी फजिती इथेच ठरते.

निवडताना आधी बघा, धृपद लहान आहे का आणि ते वारंवार येतं का. मग गाण्यातल्या सगळ्यांत खालच्या आणि सगळ्यांत वरच्या सुरात किती अंतर आहे ते बघा. पहिली-दुसरीतल्या मुलांना एका सप्तकाच्या आतलं गाणं सोसतं, त्यापुढे खाली पुटपुट होते आणि वर ओरडा. ओळी संपल्यावर श्वासाला जागा आहे का, हेही पाहायचं. एवढं कळायला गाणं शिकलेलं असावं लागत नाही. ट्रॅक न लावता वर्गातल्या चार मुलांना म्हणायला सांगा, दोन मिनिटांत उत्तर मिळतं.

माझी मुलगी 'लेट इट गो' घरी दिवसभर म्हणते. स्टेजवर नको असं का म्हणता?

कारण घरी ती एल्सा असते आणि स्टेजवर तिला गायिका व्हावं लागतं. एल्सा ही २०१३ च्या 'फ्रोझन'मधली बर्फाची राणी, तिचं हे गाणं क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या नवरा-बायकोनं रचलं. गायलं इडिना मेंझेलनं, जी मुळात ब्रॉडवेची. गाण्याचा पल्ला जवळजवळ दोन सप्तकांचा आहे. सुरुवातीच्या ओळी इतक्या खाली आहेत की सात वर्षांच्या मुलीचा आवाज तिथे हवेत विरून जातो. शेवटी ते इतकं वर जातं की गळ्याच्या शिरा फुगतात. समोर बसलेले आईवडील टाळ्या वाजवतात, पण दुसऱ्या दिवशी मुलीचा घसा बसलेला असतो.

गाण्याचा जीवही लक्षात घ्या. एल्सा आधी खलनायिका व्हायची होती. हे गाणं तयार झालं आणि निर्मात्यांनी तिचं पात्रच बदललं. म्हणजे कथेला वळण देणारं, एकटीनं उभं राहून म्हणायचं हे स्वगत आहे. ते वीस मुलींच्या तोंडी घातलं की त्यातलं एकटेपण जातं आणि उरतो फक्त निळा झगा.

मुलीचा हट्टच असेल तर त्यावर नाच बसवा, गाणं मूळ ट्रॅकवर वाजू द्या. किंवा त्याच सिनेमातलं 'डू यू वाँट टू बिल्ड अ स्नोमॅन' घ्या. त्यात एल्साच्या बहिणीचा, छोट्या ॲनाचा आवाज लोपेझ दांपत्याच्या स्वतःच्या मुलीचा आहे, त्यामुळे सुरुवातीचा भाग खरोखर मुलांच्या गळ्याचा आहे. मात्र तेवढाच भाग घ्या. त्याच गाण्याच्या मध्यावर आईवडिलांचं जहाज बुडतं आणि पुढचं कडवं दोन पोरक्या बहिणींचं आहे. चार वर्षांच्या मुलांना ते नाचायला लावणं मला तरी बरं वाटत नाही.

मग गटानं म्हणायला कोणती गाणी चांगली?

जी मुळातच घोळक्यानं म्हटलेली आहेत ती.

सगळ्यांत जुनं उदाहरण म्हणजे १९३७ च्या 'स्नो व्हाइट'मधलं बुटक्यांचं 'हाय-हो'. डिस्नेचा तो पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. खाणीतलं काम आटोपून सात बुटके रांगेनं घरी निघतात, तेव्हाचं हे गाणं. शब्द मूठभर, चाल कवायतीची, मध्ये शीळ. पहिलीच्या मुलांना डावा-उजवा पाय कळायला लागलेला असतो, त्यांना याहून सोपं काही सापडणार नाही. शीळ जमत नसेल तर 'ला ला' म्हणा, कुणाचं काही बिघडत नाही. सातच मुलं लागतात अशीही अट नाही. वर्गात चाळीस असतील तर चाळीस बुटके.

'हकूना मटाटा' हे १९९४ च्या 'द लायन किंग'मधलं, चाल एल्टन जॉनची, शब्द टिम राइस यांचे. धृपद दोनच शब्दांचं आणि स्वाहिलीतलं, त्यामुळे मराठी माध्यम, इंग्रजी माध्यम असा भेदच नाही. मधली बोलण्यासारखी कडवी मोठ्या मुलांना किंवा चक्क बाईंना द्यावीत आणि धृपदावर सगळा वर्ग तुटून पडावा. पुम्बा या रानडुकराच्या कडव्यात वास सोडण्याचा विनोद आहे. दुसरीची मुलं तेवढ्यासाठी महिनाभर तालमीला वेळेवर येतात. २०१९ च्या नव्या 'लायन किंग'च्या हिंदी आवृत्तीत त्याचा दोस्त टिमॉनला श्रेयस तळपदे आणि पुम्बाला संजय मिश्रा यांचा आवाज आहे, तोही ट्रॅक बघायला हरकत नाही.

'यू हॅव गॉट अ फ्रेंड इन मी' हे १९९५ च्या 'टॉय स्टोरी'तलं. रँडी न्यूमन ते गायल्यापेक्षा बोलल्यासारखं जास्त म्हणतात. म्हणूनच ज्या मुलांना 'तुला सूर नाही' असं सांगून कोपऱ्यात बसवलेलं असतं, त्यांच्यासाठी ते उत्तम. दोघादोघांच्या जोड्या करा.

पाचवीच्या पुढचा, जरा तयारीचा गट असेल तर २०२१ च्या 'एन्कांतो'मधलं 'वुई डोंट टॉक अबाउट ब्रूनो'. लिन-मॅन्युएल मिरांडा यांनी त्याची फार हुशारीनं बांधणी केली आहे. घरातला एकेक जण आपापलं गाऱ्हाणं वेगळ्या चालीत सांगतो आणि शेवटी त्या सगळ्या चाली एकमेकींवर चढतात. प्रत्येक कडवं वेगळ्या मुलाला देता येतं, त्यामुळे 'आमच्या मुलाला काहीच नाही दिलंत' ही पालकांची तक्रार आपोआप मिटते. शेवटचा गुंता मात्र दोन आठवडे खातो. आधी प्रत्येक गटाला आपली ओळ कान बंद करून म्हणायला शिकवा, मग दोन गट एकत्र आणा, तिसरा त्यानंतर. एकदम सगळे उभे केलेत तर बाजार होतो.

'एक चिड़िया, अनेक चिड़ियाँ' आता जुनं नाही वाटणार?

मुलांना नाही. त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलेलं असतं. जुनं वाटतं ते आपल्याला, आणि सभागृहातल्या आजी-आजोबांना तर पहिल्या ओळीला भरून येतं. माझ्या मते भारतात मुलांसाठी झालेलं याच्या तोडीचं दुसरं ॲनिमेशन-गीत नाही.

पुष्कळांना ते निव्वळ दूरदर्शनचं गाणं म्हणून आठवतं. प्रत्यक्षात 'एक अनेक और एकता' हा १९७४ चा फिल्म्स डिव्हिजनचा छोटा ॲनिमेशनपट आहे, सातेक मिनिटांचा. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, ॲनिमेशन भीमसेन यांचं, शब्द पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे आणि संगीत वसंत देसाईंचं. छोट्या मुलीचा तो आवाज साधना सरगम यांचा, म्हणजे आपल्या दाभोळच्या साधना घाणेकर. त्या तेव्हा खरोखरच लहान होत्या. शिकाऱ्याच्या जाळ्यासकट उडून जाणारे पक्षी आणि जाळं कुरतडणारे उंदीर, ही गोष्ट आपल्याला पंचतंत्रापासून ओळखीची.

सूर मुलांच्या आवाक्यातला आहे, कारण तो मुलांसाठीच बांधलेला आहे. मुलं प्रश्न विचारतात आणि ताई उत्तर देते, अशी रचना असल्यानं स्टेजवर दोन बाजू आपोआप पडतात. एका मोठ्या मुलीला ताई करा. दाणे टिपायला खाली बसणं, जाळ्यात अडकणं, एकत्र जोर लावून उडणं, हे सगळं मुलं न शिकवता करतात. जाळं म्हणून जुनी मच्छरदाणी चालते. दोन्ही टोकं दोन उंच मुलांच्या हातात द्या आणि खालची मुलं उठताना जाळं डोक्यावरून वर जाऊ द्या. ते चेहऱ्यावर आलं की मुलं घाबरतात. फळं, फुलं, तिळाचा दाणा वाटून घेणं या जागा गोष्टीतच तयार आहेत, त्यामुळे मागच्या रांगेतल्या मुलांनाही काम मिळतं. गाणं हिंदी आहे म्हणून कुणी नाक मुरडलं तर वसंत देसाईंचं नाव सांगा.

'जंगल जंगल बात चली है' सिनेमातलं आहे का?

नाही. ते मोगलीच्या जपानी ॲनिमेशन मालिकेच्या हिंदी आवृत्तीसाठी केलेलं शीर्षकगीत आहे. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाज यांची चाल. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी ते दूरदर्शनवर लागायचं आणि गल्ल्या रिकाम्या व्हायच्या. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता आणि २०१६ च्या 'जंगल बुक'च्या हिंदी आवृत्तीतही शेरखान नानाच बोलला. गाणं छोटं, शब्द खट्याळ, चड्डी हा शब्द आला की मुलं हसतात आणि ती हसली तरी चालतं. एकच अडचण, ते फार लवकर संपतं. दोनदा वाजवा, मध्ये प्राण्यांची ओळख करून द्या.

डिस्नेच्या १९६७ च्या 'जंगल बुक'चं 'द बेअर नेसेसिटीज' वेगळं. टेरी गिलकिसन यांचं हे गाणं म्हणायला अवघड आहे, शब्द जिभेवर घसरतात. नाचायला मात्र मजेशीर, विशेषतः बालू अस्वल झाडाला पाठ घासतं ते. दोन मुलं पाठीला पाठ लावून तेच करतात तेव्हा सभागृह हमखास हसतं.

मराठी ॲनिमेशनपटांची गाणी का सुचवत नाही?

कारण ती मोजकीच आहेत. मराठीत पूर्ण लांबीचे ॲनिमेशनपट फार कमी झाले. २०१८ चा 'प्रभो शिवाजी राजा' हे ठळक उदाहरण. शिवजयंतीच्या कार्यक्रमाला तिकडे वळता येईल. यूट्यूबवर मराठी म्हणून जी रंगीत ॲनिमेशन गाणी दिसतात ती बहुतेक जुनी बालगीतं असतात, वरून चित्रं चढवलेली. 'नाच रे मोरा' घ्या. शब्द गदिमांचे, संगीत पु. लं.चं, आवाज आशा भोसले यांचा, चित्रपट १९५३ चा 'देवबाप्पा'. ॲनिमेशनशी मूळचा काडीचा संबंध नाही, पण आज तीन वर्षांच्या मुलाला ते कार्टूनचंच गाणं वाटतं. वाटू द्या. निवेदनात मात्र खरी नावं घ्या.

मराठी माणसांनी केलेलं काम हिंदीत पुष्कळ आहे. २००५ च्या 'हनुमान'चे दिग्दर्शक व्ही. जी. सामंत. २०१६ च्या 'मोटू पतलू : किंग ऑफ किंग्स'चे दिग्दर्शक सुहास कडव, आणि त्या सिनेमाला गाणी पुन्हा गुलजार-विशाल भारद्वाज जोडीची. हनुमानाच्या वेशात नाचायचं असेल तर २००७ च्या 'रिटर्न ऑफ हनुमान'मधलं दलेर मेहंदींनी गायलेलं 'आसमान को छूकर देखा' आहे. त्याचा ठेका असा दणकट की शेवटच्या रांगेतली बाकंही हलतात.

मुलं मराठी माध्यमाची आहेत. इंग्रजी गाणं झेपेल?

झेपतं, पण पाठ करून घेण्याची पद्धत बदलावी लागते. देवनागरीत लिहून दिलेला कागद मुलं वाचतात आणि प्रत्येक अक्षर सुटं म्हणतात. त्यापेक्षा कागद नकोच. एक ओळ ऐकवा, टाळीवर म्हणून घ्या, मग पुढची. पोरं आरत्या अशाच शिकलेली असतात, अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी.

अर्थ मात्र नंतर नक्की सांगा. 'द लायन किंग'मधल्या 'सर्कल ऑफ लाइफ'ची सुरुवातीची आरोळी झुलू भाषेतली आहे. दक्षिण आफ्रिकेच्या लेबो एम यांनी ती दिली. ती कुणालाच कळत नसते आणि तरी अंगावर काटा येतो. सिंह येतोय असं त्यात सांगितलेलं आहे, हे कळलं की मुलं ती दुप्पट जोरात म्हणतात.

मोठ्या मुलींना 'गोल्डन' हवंय. काय करायचं?

२०२५ च्या जूनमध्ये नेटफ्लिक्सवर 'के-पॉप डीमन हंटर्स' आला आणि त्याच्या गाण्यांनी शाळा व्यापल्या. 'गोल्डन' अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. मूळ गायिका तीन: ईजे, ऑड्रे नूना आणि रेई आमी. धृपदातल्या वरच्या जागा अशा आहेत की तयार गायिकाही तिथे जपून जातात. सहावी-सातवीच्या मुलींनी ते मूळ पट्टीत म्हणायचा प्रयत्न केला की किंचाळी येते, आणि ती किंचाळी म्हणजेच गाणं असा मुलींचा समज होतो.

पट्टी चार स्वर खाली आणा, वरच्या ओळी दोन-तीनच मुलींना द्या, बाकीच्यांनी खालची ओळ धरावी. मधल्या कोरियन ओळी गाळू नका, मुलींना त्या तुमच्याआधी पाठ असतात. नुसतं नाचायचं असेल तर त्याच सिनेमातलं 'सोडा पॉप' बरं, खांदे उडवायची ती एकच स्टेप मुलगेही आनंदानं करतात. सिनेमात राक्षस आहेत, त्यामुळे लहान गटाला दाखवण्याआधी स्वतः एकदा बघा.

बालवाडीच्या मुलांचा नाच कसा बसवायचा?

फॉर्मेशन विसरा. तीन-चार वर्षांच्या मुलाला 'तू आता तिरका मागे जा' म्हणालात तर तो आईकडे जातो.

जमिनीवर खडूनं किंवा रंगीत चिकटपट्टीनं प्रत्येकाचं घर काढा. प्रत्येकानं आपल्या घरातच नाचायचं. एका गाण्याला चार हालचाली पुरतात. हात वर, टाळी, गिरकी, उडी. एक हालचाल किमान आठ मात्रा चालू ठेवा, म्हणजे उशिरा सुरू करणाऱ्यालाही ती पकडायला वेळ मिळतो. आणि एकाच जागी गिरकी दोनपेक्षा जास्त वेळा नको, तिसऱ्या गिरकीला अर्धा वर्ग खाली बसलेला असतो.

हालचाल गाण्याच्या चित्रातूनच काढा. 'हकूना मटाटा'त तिघं ओंडक्यावरून डोलत चालतात आणि चालता चालता सिंहाचा छावा सिंबा मोठा होतो. हे स्टेजवर फार छान दिसतं. बालवाडीतला सिंबा एका बाजूनं पडद्यामागे जातो आणि दुसऱ्या बाजूनं चौथीतला सिंबा बाहेर येतो. दोघांची शेपटी एकाच रंगाची ठेवा म्हणजे प्रेक्षकांना लगेच कळतं. त्याच सिनेमातल्या 'आय जस्ट कान्ट वेट टू बी किंग'मध्ये मात्र प्राण्यांचा मनोरा रचला जातो आणि शेवटी तो कोसळतो. तो भाग बघून कुणाला दहीहंडी सुचली तर तिथेच थांबवा.

बाईंनी समोर, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेपुढे, खाली बसून नाचायचं. विंगेत उभं राहून नाही. विंगेत उभ्या राहिलात तर सगळी मुलं माना वळवून विंगेत बघत नाचतात आणि फोटोत फक्त कान येतात.

नुसतं नाचायला, म्हणायचं नाही, अशी कोणती?

'डेस्पिकेबल मी २'मधलं फॅरेल विल्यम्सचं 'हॅपी' आणि 'ट्रोल्स'मधलं जस्टिन टिंबरलेकचं 'कान्ट स्टॉप द फीलिंग'. 'हॅपी'ची लय जलद आहे, लहान मुलांनी प्रत्येक मात्रेवर पाय टाकायचा प्रयत्न केला तर धापा लागतात. एक सोडून एक मात्रेवर टाळी ठेवा. दुसऱ्या गाण्याची लय चालण्यापेक्षा थोडीच जास्त, आजी-आजोबांसकट सगळे नाचू शकतात. 'द लिटल मर्मेड'चं 'अंडर द सी' कॅरिबियन कॅलिप्सोच्या ढंगाचं, कंबर हलवायला मोकळं. त्याचे शब्द मात्र इतके भरभर येतात की म्हणायच्या भानगडीत पडू नका.

मुलगे म्हणतात, ही सगळी मुलींची गाणी आहेत.

१९९८ च्या 'मुलान'मधलं 'आय विल मेक अ मॅन आउट ऑफ यू' लावा. सैनिकांच्या सरावाचं गाणं आहे. काठ्या, उड्या, एकसाथ हुंकार. गंमत अशी की त्या पलटणीत शेवटी सगळ्यांच्या पुढे जाते ती वेश पालटलेली मुलगी. तिला निवडताना वर्गातली सगळ्यांत चपळ मुलगी निवडा, सगळ्यांत उंच नाही. हातातल्या काठीच्या जागी कागदाची गुंडाळी द्या, हे सांगायला नकोच.

मूळ गाणं लावायचं की कराओकेवर मुलांनी म्हणायचं?

नाच आणि गाणं दोन्ही एकाच मुलाकडून नको. नाचणारं मूल तिसऱ्या ओळीला दमतं. अर्धा वर्ग बाजूला बाकांवर उभा राहून गातो, अर्धा नाचतो, पुढच्या गाण्याला अदलाबदल.

कराओके ट्रॅकची पट्टी बदलून देणारी मोफत ॲप आहेत. आधी हार्मोनियमवर बघा, मुलं आपणहून कुठे गातात. पुरुष गायकाच्या गाण्यात मुलं एक सप्तक वर जातात, आणि तिथे ते गाणं कधी सोपं होतं तर कधी अशक्य. शंका आल्यास पट्टी खाली नेण्याआधी थोडी वर नेऊन बघा. मुलांचा आवाज बारीक असतो, फार खाली नेलं की ऐकूच येत नाही.

लिपसिंक करायचं असेल तर उघडपणे करा. हातात बंद माईक देऊन मुलाला गायल्याचं नाटक करायला लावणं मला पटत नाही. त्याला ते कळत असतं.

गाणं किती मिनिटांचं असावं?

बालवाडीला दीड मिनिट, पहिली-दुसरीला अडीच, त्यापुढे साडेतीन. कापायचं असेल तर कडवं कापा, धृपद नाही, आणि कात्री समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, लावा. समेच्या आधी कापलं की नाचणाऱ्याचा पाय हवेत राहतो. शेवट हळूहळू विरत जाणारा ठेवू नका, मुलांना कळत नाही संपलं की नाही. एक ठाम ठोका आणि पोझ.

शाळेत किंवा सोसायटीत ही गाणी वाजवायला परवानगी लागते?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शाळांसाठी सूट आहे. शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी आणि शिक्षक गाणं सादर करत असतील तर ते हक्कभंगात धरलं जात नाही. ध्वनिमुद्रित ट्रॅकसाठीही सूट आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसंच असली पाहिजेत. हौशी मंडळानं पैसे न घेता, विनातिकीट केलेल्या सादरीकरणालाही त्याच कलमात जागा आहे. नाट्यगृह घेऊन तिकीट लावलंत, प्रायोजकाचे फलक लावलेत, तर आयपीआरएस आणि पीपीएल या गाण्यांचे परवाने देणाऱ्या संस्थांकडे आधी चौकशी करा.

व्हिडिओ यूट्यूबवर टाकणं हा वेगळा मामला. तिथली यंत्रणा गाणं आपोआप ओळखते, मग कधी आवाज बंद होतो, कधी जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात. इंग्रजी गाण्याला आपले मराठी शब्द बसवून ते नेटवर टाकण्याआधीही विचार करा, भाषांतराचा हक्कही मूळ कवीचाच असतो. आणि दुसऱ्याची मुलं दिसणारा व्हिडिओ टाकण्याआधी त्यांच्या पालकांना विचारा, हे कायदा नसता तरी करायचंच.

उघड्या मैदानात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. लहान गटाचे नाच आधी लावा.

कपड्यांचं काय?

ड्रेपरीवाल्याकडे एल्साचे झगे ढिगानं असतात, पण लांब झगा आणि नाच यांचं पटत नाही. घोट्याच्या वर दुमडून टाचा मारून घ्या. प्राण्यांसाठी पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा नको, मुलाला दिसत नाही आणि श्वास कोंडतो. केसांच्या पट्ट्याला कान आणि घरच्या टी-शर्टला शेपटी, एवढ्यात सिंह होतो.

परदेशातल्या मराठी मंडळांत कोणती गाणी चालतात?

तिथल्या मुलांना इंग्रजी गाणी शाळेतून येतातच, त्यामुळे मंडळाच्या गणपतीत 'एक चिड़िया' किंवा 'नाच रे मोरा' बसवण्यात जास्त मजा आहे. मराठी वाचता न येणाऱ्या मुलांना शब्द रोमन लिपीत देण्याऐवजी आजीनं फोनवर म्हणून पाठवलेली ओळ ऐकवा. उच्चार आपोआप नीट येतात, 'ळ' सुद्धा.

ऐन स्टेजवर मूल रडायला लागलं तर?

गाणं थांबवू नका. एका मोठ्या मुलीला आधीच हे काम देऊन ठेवा. तिनं नाचतच त्या मुलापाशी जायचं, हात धरायचा, त्याच्यासोबत तीच स्टेप करायची. तरीही थांबलं नाही तर नाचतच दोघांनी विंगेत यायचं. प्रेक्षकांना ते बसवलेलंच वाटतं. पालकांनी धावत स्टेजवर चढायचं नाही, हे पालकसभेत आधी सांगून ठेवा, कारण एक आई चढली की पाठोपाठ चार चढतात.